पावसाळ्यात मोडलॉक सुटतो: आरशांना हात लावण्याआधी हे बघा

लक्षण असं आहे. टायटेनियम-सफायर ऑसिलेटर, म्हणजे प्रकाशाचे अतिसूक्ष्म ठोके (पल्स) देणारा लेझर, मार्च ते मे गुणी पोरासारखा चालतो. सकाळी पंप (क्रिस्टलला ऊर्जा देणारा हिरवा लेझर) चालू करा, अर्धा तास तापू द्या, प्रिझमला हलकी टिचकी मारा, मोडलॉक लागतो, म्हणजे सलग प्रकाशाऐवजी पल्स निघू लागतात, आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. जूनचा तिसरा आठवडा उजाडला की कुरकुर सुरू होते. लागलेला मोडलॉक वीस मिनिटांत सुटतो, किंवा मुळात लागतच नाही. लेझर बंद पडत नाही, हे नीट लक्षात घ्या. पॉवर मीटरवरचा आकडा जवळपास तोच असतो, अवरक्त प्रकाश दाखवणाऱ्या आयआर कार्डावरचा ठिपकाही तसाच. फक्त पल्स गायब. ऑक्टोबर आला की सगळं आपोआप सुरळीत होतं, आणि त्या आठवड्यात ज्याने शेवटचा स्क्रू फिरवलेला असतो तो पुढचे आठ महिने लॅबमध्ये तज्ज्ञ म्हणून मिरवतो.

पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये हे ओळीने तीन पावसाळे झालं. त्यातला एका वर्षीचा तज्ज्ञ मीच होतो.

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमचा चिलर (थंड पाणी फिरवून क्रिस्टल गार ठेवणारं यंत्र) यूपीएसवर आहे आणि एसी यूपीएसवर नाही, असं असेल तर आधी पंप बंद करून क्रिस्टलवर टॉर्च मारा, त्याच्या तोंडांवर काय साचलंय ते बघा आणि मग पुढचं वाचा.

हा मोडलॉक इतका नाजूक का?

सीडब्ल्यू, म्हणजे सलग चालणारा लेझर, दणकट असतो. आरसा थोडा मळला, एक-दोन टक्के प्रकाश वाया गेला, तर तो थोडा मंदावतो, पण चालत राहतो. मोडलॉक लागलेल्या लेझरमध्ये मात्र लाखावर मोड, म्हणजे किंचित वेगवेगळ्या तरंगलांबीच्या लाटा, एकाच वेळी पाऊल टाकत असतात. आमचा ऑसिलेटर ८० मेगाहर्ट्झचा आहे आणि स्पेक्ट्रम (त्यातल्या तरंगलांबींचा पट्टा) ८०० नॅनोमीटरभोवती ३० नॅनोमीटर रुंद आहे. हिशेब केला तर पावणेदोन लाखांच्या आसपास मोड होतात. एवढ्या मोठ्या दिंडीत सगळे टाळ एकाच ठेक्यावर पडायला हवेत, आणि गंमत अशी की ठेका धरणारा वेगळा कुणी नाही. क्रिस्टलच ते काम करतं.

तीव्र प्रकाशात क्रिस्टलचा अपवर्तनांक किंचित वाढतो. बीमच्या मध्यावर तीव्रता सर्वांत जास्त, म्हणून क्रिस्टल तेवढ्यापुरतं भिंगासारखं वागतं. या भिंगामुळे पल्सचा बीम जरा आकसतो आणि पंपाच्या ठिपक्यात नेमका बसतो. सलग प्रकाश तसा आकसत नाही, म्हणून क्रिस्टलमध्ये त्याची ताकद कमी वाढते. पल्स होऊन फिरणं फायद्याचं ठरतं, एवढाच सगळा मामला. १९९१ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात स्पेन्स, कीन आणि सिबेट यांना या क्रिस्टलमधून असे ६० फेमटोसेकंदांचे पल्स मिळाले (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग). कारण नीट उलगडेपर्यंत लोक याला ‘जादूचं मोडलॉकिंग’ म्हणत. त्याच्या दहा वर्षं आधी, १९८१ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १०० फेमटोसेकंदांच्या खालचे पल्स काढले गेले ते डाय लेझरमधून. तिथे रंगद्रव्याच्या द्रावणाची धार अखंड वाहती ठेवावी लागे. आपल्याला फक्त क्रिस्टल पुसावं लागतं, तेव्हा फार रडू नये.

आता आकडे. आमचा आउटपुट आरसा १० टक्के प्रकाश बाहेर सोडतो आणि बाहेर अर्धा वॉट मिळतो, म्हणजे आत ५ वॉट फिरतात. सीडब्ल्यूमध्ये क्रिस्टलला हे ५ वॉटच दिसतात, आणि एवढ्याने भिंग होत नाही. तोच प्रकाश २८ फेमटोसेकंदांच्या पल्समध्ये कोंबला की शिखरावर सव्वादोन मेगावॉट होतात आणि भिंग जागं होतं. या दोन अवस्थांमधली दरी टिचकीने ओलांडायची असते. शिवाय भिंगाचा फायदा दिसावा म्हणून वक्र आरशांमधलं अंतर मुद्दाम स्थैर्याच्या काठावर ठेवलेलं असतं. म्हणजे लेझर आपणच कड्यावर नेऊन उभा केलेला आहे. मग झुळूक आली की तो पडतो, याचं नवल नको. प्रश्न एवढाच की झुळूक कुठून येते.

आम्ही कुणाकुणावर आळ घेतला

पहिल्या वर्षी पंपावर. कंपनीचा इंजिनिअर आला, दिवसभर खपला, सगळं पुन्हा जुळवून दिलं, संध्याकाळी आमच्यासमोर मोडलॉक लावून दाखवला आणि गेला. आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. दोष पंपाचा नव्हता आणि त्या बिचाऱ्याचाही नव्हता, पण तेव्हा आम्ही त्याच्याबद्दल जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या वर्षी कंपनांवर. रस्त्यावर मेट्रोचं काम चालू होतं, त्यामुळे संशयित आयताच हाताशी होता. ते निवळतंय तोवर ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले आणि सरांना खात्रीच पटली. ऋतू तंतोतंत जुळत होता ना! पावसाळ्यात सराव सुरू, पावसाळ्यातच मोडलॉक सुटायला सुरुवात. गणपती गेले की दोन्ही थंड. पण पथकं जमतात संध्याकाळी, आणि आमचा मोडलॉक जायचा सकाळी अकराच्या सुमाराला. पुण्यात ढोलावर खापर फोडायला फारसा पुरावा लागत नाही हे खरं, पण इथे वेळच जुळत नव्हती. ऋतू जुळला म्हणून कारण सापडलं असं समजू नका. दिवस आणि तासही जुळवून बघा.

तिसऱ्या वर्षी आमच्या ज्युनिअर मुलीने आम्ही दोन वर्षांत न केलेली गोष्ट केली, ती म्हणजे नोंद ठेवली. तापकीर गल्लीतून तापमान आणि आर्द्रतेचा काही शे रुपयांचा सेन्सर आणला आणि लेझरच्या बॉक्समध्ये ठेवला. मोडलॉक आहे की नाही हे कळायला तिने एक छान युक्ती केली. गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडचा फोटोडायोड ८०० नॅनोमीटरचा एकेकटा फोटॉन शोषत नाही, दोन फोटॉन एकदम आले तरच विद्युतप्रवाह देतो. बीमचा थोडा भाग लेन्सने त्यावर केंद्रित केला की पल्स असताना व्होल्टेज येतं आणि सीडब्ल्यू असताना जवळपास शून्य. महागडा स्कोप अडकवून ठेवायची गरज नाही. दर मिनिटाला तीन आकडे फाइलमध्ये जात राहिले.

तीन आठवड्यांनी तिने आलेख पुढे ठेवला. मोडलॉक न लागण्याचे सगळे वाईट दिवस शुक्रवारचे होते. कुणीतरी लगेच शुक्रवारच्या उपासाचा विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, “दादा, गुरुवारी लाइट नसते ना आपल्याकडे?”

गुरुवारची गोष्ट

आमच्या भागात देखभालीसाठी वीज जाते ती गुरुवारी. सकाळी जाते, दुपारी येते. पंप बंद, एसी बंद, आम्ही कॅन्टीनला. चिलर मात्र चालू, कारण तो यूपीएसवर होता. तिथे तो मीच जोडला होता. पंप बंद झाल्यावर त्यात राहिलेली उष्णता निघून जावी, क्रिस्टलचं तापमान एकसारखं राहावं, असा माझा विचार. त्याचं कौतुकही झालं होतं.

आता काय व्हायचं ते बघा. एसी बंद झाला की तासाभरात बाहेरची पावसाळी हवा खोलीत भरते. २६ अंश सेल्सिअस, ७५ टक्के आर्द्रता. चिलर १८ अंशांवर. पंप बंद असल्यामुळे क्रिस्टलमध्ये उष्णता येतच नाही, त्यामुळे ते आणि त्याचा तांब्याचा धारक दोन्ही बरोब्बर १८ अंशांवर. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं दव होतं तो, २१ अंश. म्हणजे पावसाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम फुटतो, तसाच आमच्या लेझरच्या काळजाला. दुपारी वीज यायची, एसी खोली कोरडी करायचा आणि संध्याकाळपर्यंत दव उडून जायचं. पुरावा नष्ट. मागे राहायचं ते फक्त क्रिस्टलच्या तोंडावर वाळलेलं धुळीचं वर्तुळ. शुक्रवारी सकाळी आम्ही पंपाचा सगळा हिरवा प्रकाश नेमका त्यावर केंद्रित करायचो. टक्का-दीड टक्का प्रकाश विखुरला जायचा. सीडब्ल्यूला त्याचं सोयरसुतक नाही, मोडलॉकला मात्र तेवढं पुरतं.

मग आम्ही आरसे फिरवायचो. इथे खरं नुकसान होतं. आरसे मुळात जागेवरच असतात. एका डागासाठी तुम्ही सहा स्क्रू हलवता, डाग कधीतरी जळून किंवा पुसून जातो, आणि मग हललेले सहा स्क्रू जागेवर आणायला आठवडा लागतो.

मे महिन्यातही गुरुवारी वीज जायची. तेव्हा काहीच का होत नव्हतं? कारण मे महिन्यात पुण्यात दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू जेमतेम ११ अंश. १८ अंशांवरचं क्रिस्टल कोरडं ठणठणीत. सगळ्यात उकडतं तेव्हा लेझर सुखात, आणि हवा सुखद झाली की आजारी, हे कोडं इथे सुटलं. अवकाळी पावसाच्या दिवशी मात्र मे महिन्यावर विसंबू नका.

दवबिंदूचा अंदाज तोंडी काढता येतो. १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा, आणि जे येईल ते हवेच्या तापमानातून वजा करा. २७ अंश आणि ८० टक्के असेल तर २० भागिले ५ म्हणजे ४, दवबिंदू २३. एसी चालू असताना २२ अंश आणि ६० टक्के असेल तर १४. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असली की हा हिशेब अर्ध्या-एक अंशाच्या फरकाने बरोबर येतो. मे महिन्यासाठी वापरू नका, चुकेल. चिलरचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं.

आम्ही केलं ते असं. चिलर यूपीएसवरून काढला. त्याचं तापमान १८ वरून २१ केलं. यामुळे क्रिस्टलमधली उष्णतेची लेन्स किंचित बदलते, म्हणून एकदा अंतर थोडं जुळवून घ्यावं लागलं, पण पल्समध्ये फरक पडला नाही. सेन्सरला एक रिले (आपोआप चालणारा विजेचा स्विच) जोडला. दवबिंदू चिलरच्या तापमानाच्या ३ अंश जवळ आला की रिले चिलर बंद करतो. पंपाचा इंटरलॉक (धोका दिसताच पंप बंद करणारी सोय) चिलरच्या पाण्याच्या प्रवाहाशी जोडलेला असेल तरच हे करा, नाहीतर दव टाळायला जाल आणि पंप जाळून बसाल. वीज परत आल्यावर एसी तासभर चालू द्यायचा, मग चिलर, मग पंप. हा तास फार जड जातो, विशेषतः सर दारात उभे असताना. म्हणून बॉक्सवर पाटी लावली आहे: ‘आरशांना हात लावण्यापूर्वी स्पेक्ट्रम पाहावा. पाहिला असल्यास दवबिंदू पाहावा. दोन्ही पाहून झाले असल्यास चहा पिऊन यावे.’

स्पेक्ट्रम पाहावा म्हणजे काय पाहावं? सुई दिसली तर सीडब्ल्यू. गुळगुळीत टेकडी दिसली तर मोडलॉक. टेकडीवर सुई उभी असेल तर दोन्ही एकत्र चालू आहेत, पंप जरा कमी करा, बहुतेक वेळा सुई जाते. टेकडीवर कंगव्यासारखे दाते दिसले तर आत एकाऐवजी दोन पल्स जवळजवळ फिरत असण्याची शक्यता. तिथेही पंप कमी.

क्रिस्टल पुसणं

पंप बंद, शटर बंद, किल्ली खिशात. घड्याळ-अंगठी काढून ठेवा. पुन्हा चालू करताना पंपाचा ५३२ आणि ऑसिलेटरचा ८०० नॅनोमीटर, दोन्ही प्रकाश अडवणारा गॉगल हवा. ८०० नॅनोमीटर डोळ्याला जेमतेम मंद लाल दिसतो, खरी तीव्रता कळतच नाही, आणि ‘मंदच तर आहे’ हा विचार डोळा घालवतो.

ओलं दिसत असेल तर पुसू नका. एसी चालू द्या, आधी आपोआप वाळू द्या. मग हवेच्या फुग्याने धूळ उडवा. तोंडाने फुंकर मारायची नाही, ती पुन्हा दवच देते. लेन्स टिश्यूची घडी चिमट्यात धरून मिथेनॉलचे दोन थेंब, जास्तीचं झटकून टाका, आणि एकाच दिशेने एकच सरळ ओढ. पुढच्या ओढीला नवीन टिश्यू. क्रिस्टलची तोंडं ब्रूस्टर कोनात, म्हणजे तिरकी, कापलेली असतात, त्यामुळे हात वाकडा करून पुसावं लागतं आणि कडा टोचल्यासारखी लागते. घासायचा मोह आवरा. पुसल्यावर पंप कमी ताकदीवर लावून क्रिस्टलवरचा हिरवा विखुरलेला प्रकाश बघा. कमी झाला असेल तर काम झालं. एखादा चमकता बिंदू तिथेच असेल तर तो बहुधा भाजलेला आहे. तो पुसून जाणार नाही. क्रिस्टल धारकासकट अर्धा मिलिमीटर सरकवून ताजी जागा वापरा.

दर वीस मिनिटांनी सुटतो, तो वेगळा आजार

शुक्रवारचं मिटल्यावर नोंदीत दुसरी गोष्ट ठळक झाली. इतर दिवशी मोडलॉक लागायचा, पण ठराविक अंतराने सुटायचा, आणि ते अंतर एसीच्या कॉम्प्रेसरचं होतं. कॉम्प्रेसर चालू झाला की थंड झोत थेट पंपाच्या आरशांवर.

याचा हिशेब मला फार आवडतो, कारण आकडे किती लहान आहेत ते बघण्यासारखं आहे. अॅल्युमिनियम दर अंशाला, दर सेंटिमीटरला ०.२३ मायक्रॉन वाढतं. आरशाच्या धारकाच्या एक सेंटिमीटर लांब दोन बाजूंपैकी एकीवर झोत आला आणि दुसरीवर नाही, तर एका अंशाच्या फरकाने आरसा साधारण २५ मायक्रोरेडियन कलतो. परावर्तित बीम त्याच्या दुप्पट, ५० मायक्रोरेडियन. तो १० सेंटिमीटरच्या लेन्समधून क्रिस्टलवर पडतो तेव्हा ठिपका ५ मायक्रॉन सरकतो. ठिपक्याची त्रिज्याच २०-२५ मायक्रॉन असते. म्हणजे ठिपका पाव त्रिज्येइतका सरकला. पॉवर मीटर हे तुम्हाला सांगणार नाही.

उपाय स्वस्त आहेत. एसीची पट्टी वर करून झोत छताकडे वळवा. ‘ऑटो’ऐवजी पंखा सतत चालू ठेवा. इन्व्हर्टर एसी असेल तर उत्तमच, त्याचा कॉम्प्रेसर सारखा बंद-चालू होत नाही. पंपाचा सगळा मार्ग, नुसता ऑसिलेटर नव्हे, अॅक्रिलिकच्या झाकणाखाली घ्या. आमचं झाकण वर्कशॉपमधल्या काकांनी उरलेल्या तुकड्यांतून करून दिलं. ते दिसायला देवघरासारखं झालंय, पण सुटणं जवळपास थांबलं.

बाष्प स्वतःच प्रकाश खातं तेव्हा

वरचे दोन्ही उपाय करूनही स्पेक्ट्रमवर ८२० नॅनोमीटरच्या आसपास बारीक खाचा दिसत असतील तर त्या हवेतल्या बाष्पाच्या आहेत. पाण्याची वाफ ७२०, ८२० आणि ९४० नॅनोमीटरच्या पट्ट्यांमध्ये प्रकाश शोषते. ८०० ला मध्य असेल तर या खाचांनी मोडलॉक सुटत नाही, निदान आमचा तरी नाही. खाचा आहेत म्हणून घाबरून आरसे फिरवू नका.

पण टू-फोटॉन मायक्रोस्कोपीसाठी हिरवं चमकणाऱ्या प्रथिनावर काम करणारे लोक लेझर ९२० च्या पुढे नेतात, आणि ९४० च्या आसपास गोष्ट गंभीर होते. तिथलं शोषण तीव्र असतं, प्रकाश पोकळीतून, म्हणजे लेझरच्या आरशांमधल्या वाटेने, सेकंदाला ८ कोटी फेऱ्या मारतो, आणि प्रत्येक फेरीत वाफ आपला वाटा घेते. यावर उपाय बॉक्स कोरडा करणं हाच. कोरडी हवा किंवा नायट्रोजन मिनिटाला एक-दोन लिटर, सतत. जोरात सोडू नका, झोताने बीम थरथरतो. आणि नायट्रोजनचा सिलेंडर छोट्या बंद एसी खोलीत असेल तर गळतीने खोलीतला ऑक्सिजन कमी होऊ शकतो आणि त्याचा वास येत नाही. सिलेंडर बाहेर ठेवून नळी आत आणा. सिलिका जेलच्या पुड्या मदत करतात, पण पावसाळ्यात दोन दिवसांत रंग बदलतात. ओव्हनमध्ये १२० अंशांवर भाजून पुन्हा वापरा. किराणावाल्याकडच्या पापडासारखं बॉक्स बंद असेल तरच उपयोग.

‘मोडलॉक आहे, पण पल्स लांब आलाय’

ही तक्रार पावसाळ्यावर ढकलली जाते, पण पावसाचा तिच्याशी संबंध नाही. आमच्याकडे दोनदा झाली. पहिल्यांदा ऑटोकोरिलेटरवर (पल्सची लांबी मोजायच्या यंत्रावर) ४३ फेमटोसेकंद आले म्हणून घबराट झाली. तो आलेखाची रुंदी होता, पल्सची नव्हे. पल्सचा आकार सेक-वर्ग धरला तर त्याला ०.६४८ ने गुणायचं, म्हणजे २८. दुसऱ्यांदा खरोखरच ५२ आले. कुणीतरी वाटेत एक सेंटिमीटर जाड बीके-७ काच ठेवली होती. ८०० नॅनोमीटरला ही काच दर मिलिमीटरला सुमारे ४५ फेमटोसेकंद-वर्ग इतका विस्तार देते. लाल भाग पुढे धावतो, निळा मागे राहतो, आणि २८ चा पल्स बाहेर येईपर्यंत ५२ होतो. म्हणून लेझर सोडून आधी वाटेतल्या लेन्स, खिडक्या, फिल्टर मोजा.

हा विस्तार उलटवायला १९८४ मध्ये फोर्क, मार्टिनेझ आणि गॉर्डन यांनी प्रिझमची जोडी सुचवली. आमच्या पोकळीत तीच आहे. १९९४ मध्ये चर्प्ड मिरर आले. एकाच आरशाच्या थरांमध्ये वेगवेगळे रंग वेगवेगळ्या खोलीवरून परततात, आणि प्रिझमशिवाय काम होतं. तो आरसा करणाऱ्या गटात फेरेन्स क्राउस होते. त्यांनाच पुढे २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पिएर अगोस्तिनी आणि ऑन लुइलिए यांच्याबरोबर अॅटोसेकंद (फेमटोसेकंदाचा हजारावा भाग) पल्ससाठी मिळालं. तेव्हापासून लॅब बघायला येणारी मुलं पहिला प्रश्न अॅटोसेकंदाचाच विचारतात. मी त्यांना आधी दवबिंदू काढायला लावतो.

मग हे सगळं टाकून फायबर लेझर का घेत नाही?

घेतलाय. शेजारच्या खोलीत आहे. इटर्बियमचा. प्रकाश पूर्ण वेळ काचेच्या तंतूत, त्यामुळे बाष्प नाही, धूळ नाही, फिरवायला स्क्रू नाही. बटण दाबलं की मोडलॉक. ज्यांना १०३० नॅनोमीटरला शंभर-दोनशे फेमटोसेकंद पुरतात त्यांनी खुशाल तोच घ्यावा, आणि हा मजकूर पाचव्या ओळीनंतर सोडून द्यायला हरकत नव्हती. पण टायटेनियम-सफायरची प्रकाश वाढवण्याची ताकद ६५० पासून ११०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेली आहे. १९९९ मध्येच थेट अशा ऑसिलेटरमधून दोन आवर्तनांहून कमी लांबीचे पल्स निघाले होते, आणि ८०० नॅनोमीटरला एक आवर्तन म्हणजे फक्त २.७ फेमटोसेकंद. इटर्बियमला तिथे पोचायला बाहेर वायू भरलेल्या पोकळ तंतूत स्पेक्ट्रम रुंदावून पुन्हा दाबावं लागतं. लोक ते करतात, आणि चांगलं करतात. आमच्या प्रयोगाला मात्र जुनं यंत्रच सोपं पडतं. शिवाय त्याच्यात आता माझी तीन वर्षं गेली आहेत.

फायबर लेझरच्या पुढे अॅम्प्लिफायर आहे. पल्स आधी ताणायचा, वाढवायचा, मग पुन्हा दाबायचा, १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी दाखवलेली रीत, जिला २०१८ चं नोबेल मिळालं. त्या अॅम्प्लिफायरला पाण्याचा चिलर आहे. तो कुठल्या बोर्डावर जोडलाय हे मी गेल्या गुरुवारी जाऊन बघितलं.

यूपीएसवर होता.